नाकावरचा मान

"या उन्हाळ्यात माझ्या वर्गातलं एकही पोर उन्हानं भाजणार नाही. लिहून ठेवा!"

एप्रिलच्या शेवटी हंबीरराव गुरुजींनी असं जाहीर केलं आणि विठाबाईंनी ते खरोखरच कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं! नवऱ्याची भविष्यवाणी लिहून ठेवायची त्यांना जुनी सवय होती. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यातली एकही खरी ठरली नव्हती, हा भाग वेगळा.

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. कसबा बावड्यातल्या त्यांच्या अंगणात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत बाराएक पोरं जमतात. फी नाही, परीक्षा नाही, घंटाही नाही. एक दिवस मुंग्यांची रांग कुठून निघते ते शोधायचं, एक दिवस चिंचेच्या झाडाचा घेर सुतळीनं मोजायचा, असा सगळा अभ्यास.

यंदाचा पहिला धडा होता सावलीचा. "उन्हात उभं राहायचं आणि आपली सावली बघायची," गुरुजी सांगायचे. "सावली आपल्यापेक्षा लांब असली तर खुशाल खेळा. आपल्यापेक्षा आखूड झाली, की पळा आडोशाला. अरे, सावलीसुद्धा उन्हाला भिऊन पायाखाली लपते, मग तुमचं काय!"

पोरं उड्या मारत स्वतःच्या सावल्या मोजायची. अकरा पोरं. बारावी दीक्षा मात्र पडवीत खांबाला टेकून बसायची.

दीक्षा आठ वर्षांची. जन्मतःच तिच्या अंगात रंग तयार होत नाही. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी अशी नाजूक की दहा मिनिटं ऊन लागलं तरी लालबुंद व्हावी. उजेडात डोळे बारीक करूनच बघायची. बाहेर जायचं ठरलं, की तिच्या पोटात हमखास दुखायचं! गुरुजींनी एकदा तिला हळूच विचारलं, "पोट नक्की कुठं दुखतंय गं?"

दीक्षानं आधी खांबावर नखानं रेघ ओढली. मग म्हणाली, "गुरुजी, मला टोपी, गॉगल, लांब बाह्या, सगळं घालावं लागतंय. तोंडाला ते पांढरं मलम. मग रस्त्यानं सगळी माझ्याकडंच बघत्यात."

"एवढंच ना? मग सगळ्यांनीच ते घातलं तर कोण कुणाकडं बघणार?"

झालं! गुरुजींची योजना ठरली. बारा पोरांना पहाटे राजाराम बंधाऱ्यावर पाखरं बघायला न्यायचं, आणि बाराच्या बारा एकसारखी सजवून न्यायची. दीक्षाची आई क्रांती दवाखान्यात नर्स होती. तिनं पुष्कळ विचार करून होकार दिला.

"गुरुजी, पहिल्यांदाच धाडायलोय तिला. एकदा का मान भाजली, की चार रात्री झोपत न्हाय पोरगी. आणि परत घराबाहेर पाऊल टाकायची न्हाय ती, मला ठाऊक हाय. जशी नेतासा, तशी आणून सोडा. दुसरं काय मागत न्हाय मी."

गुरुजींनी छातीवर हात ठेवला. तिथपर्यंत सगळं सोपं वाटत होतं.

गॉगलचं काम लगेच झालं. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी शहरात चष्म्याचं दुकान चालवतो. "नुसती काळी काच नको रे बाबा," गुरुजींनी बजावलं. "काळोख वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवणारी नसली, तर उघड्या दारातनं चोर शिरावेत तसे ते किरण आत शिरतात!" विद्यार्थ्यानं एकेक गॉगल यंत्राखाली धरून तपासून दिला. काचा अस्सल. फक्त फ्रेमा जुन्या साठ्यातल्या होत्या. सगळ्या सोनेरी! नाजूक चेहऱ्याच्या पोरीनं घातला तरी ती एखाद्या पुढाऱ्याची अंगरक्षक दिसावी.

प्रश्न उरला डोक्याचा. टोपीनं कान आणि मान उघडी राहते. गुरुजी दोन दिवस विचारात पडले आणि तिसऱ्या दिवशी ताटावरनं उठून ओरडले, "फेटा!"

"जेवा आधी," विठाबाई म्हणाल्या.

"अगं, फेटा! डोक्यावर कापडाचे थरावर थर, कान झाकलेले, मागं सोडलेला शेमला मानेवर. कोल्हापुरात दर घरात लग्नात बांधलेले दोन-चार फेटे पडूनच असतात!"

असतात खरे. पण कुठं असतात ते गुरुजींना घरोघर फिरल्यावर कळलं. एका घरातल्या फेट्याचा बाळाचा झोका झाला होता. दुसऱ्यात हरभरे बांधून ठेवले होते. राजवीरच्या घरच्या फेट्यानं म्हैस बांधली होती, आणि म्हैस तो सोडायला तयार नव्हती! शेवटी गुरुजींनी गुंडू फेटेवाल्याला फोन लावला.

गुंडू म्हणजे लग्नसराईतला सर्वांत कामसू माणूस. एका मिनिटात एक फेटा बांधायचा. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं नशीब बघा. त्याच दिवशी बावड्याच्याच कार्यालयात माझं काम हाय. फेट्यांचा गठ्ठा माझ्यापाशीच हाय. पहाटं येतो, तुमच्या पोरास्नी त्यातलंच बारा बांधतो. दहाच्या आत परत द्या म्हंजे झालं."

"अरे, पण लग्नात कमी पडले तर?"

"फेटं कधी कमी पडत्यात व्हय? दर लग्नात पंचवीस उरत्यात!"

बोलणारा अनुभवी होता. गुरुजींनी फोन ठेवला.

ठरलेल्या दिवशी पहाटे साडेपाचला अंगणात रांग लागली. गुंडू फेटे बांधत होता, गुरुजी मलम लावत होते. "कानाच्या पाळ्या विसरायच्या नाहीत! मानेच्या मागं! पावलांवर!" मलम भलतंच पांढरं होतं. पोरं काही ते चोळून जिरवेनात, नुसतं थापत सुटली. राजवीरनं तर नाकावर एवढा ढीग केला, की नाकाच्या आधी तोच दिसावा. पाच मिनिटांत बाराच्या बारा तोंडं चुन्यासारखी पांढरी!

दीक्षा सगळ्यांकडं बघत राहिली. मग एकदम खुदकन हसली. "गुरुजी, आता सगळीच माझ्यासारखी!"

"व्हय, पण तुला बरं दिसतंय," राजवीर आरशात बघून म्हणाला. "मी कसा दिसतोय बघ. पिठाच्या गिरणीत पडल्यागत!"

भगवे-सोनेरी फेटे, सोनेरी गॉगल, पांढरी तोंडं, लांब बाह्यांचे पांढरे सदरे. वरात निघाली! दूध घालायला निघालेले लोक सायकली थांबवून बघत होते, पण एकट्या दीक्षाकडं कुणी बघत नव्हतं. बघायला बाराजण होते! दीक्षा रांगेत तिसरी चालत होती आणि तिच्या पोटात अजिबात दुखत नव्हतं.

बंधाऱ्यावरचा खंड्या पक्षी एवढे फेटे बघून समोरच्या काठावर राहायला गेला. तरी तो गेलाय कुठं ते सगळ्यांत आधी दीक्षानंच सांगितलं, आवाजावरनं. "तिकडं ओरडतोय. त्या बाभळीवर." गुरुजींनी दुर्बीण लावली. खरंच होता! गुरुजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पावणेनऊला सावल्या अजून अंगापेक्षा लांब होत्या. सगळे परत निघाले. सव्वानऊला घर, साडेनऊला फेटे परत. सगळं कसं घड्याळासारखं!

वाटेत ते मंगल कार्यालय होतं.

दारात नवरीचे वडील अमरसिंह उभे होते. रात्रभर झोप नाही, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात अत्तरदाणी. समोरून बारा फेटे येताना बघितले आणि ते धावतच आले. तोंडं मलमाखाली, डोळे गॉगलमागं, पण फेटा घरचा होता!

"अवो पावणं! बाहेरनं कुठं चाललाईसा? या, आत या!"

"नाही, आम्ही लग्नाचे नाही," गुरुजी म्हणाले. "आम्ही पाखरं बघायला गेलो होतो."

"असू दे की! पाखरं कुठं पळून चालल्यात? शिरा गरम हाय!"

"अहो, हे फेटे खरं म्हणजे..."

"फेटे झ्याक बसल्यात! चला रे पोरांनो!"

अमरसिंहांना पोरं वाटली नवऱ्याकडची. आत नवऱ्याकडच्या लोकांना वाटली नवरीकडची. त्यामुळं दोन्हीकडच्यांनी आग्रह केला! लग्नघरी वाद नको म्हणून गुरुजींनी कबूल केलं, "बरं, एकेक चमचा शिरा आणि निघू." पण एक चमचा शिरा खाऊन उठलेला माणूस कोल्हापूरनं अजून पाहिलेला नाही. शिरा झाला, पोहे झाले, मठ्ठा झाला. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि धावत पोर्चच्या कडेला गेले. साडेदहा वाजून गेले होते. त्यांची सावली त्यांच्या निम्म्यावर आली होती!

"चला, चला, उठा!"

"गुरुजी," राजवीर शांतपणे म्हणाला, "सावली आखूड झाली. आता बाहेर जायचं न्हाय. नियम!"

"नियम! नियम!" अकरा पोरं ओरडली. एवढा धडा पोरांनी याआधी कधी पाठ केला नव्हता.

गुरुजी पोर्चवरून मागं आले. नियम त्यांचाच होता आणि बरोबर होता. त्यांनी दीक्षाला दुसऱ्यांदा मलम लावलं आणि क्रांतीला फोन केला. ती म्हणाली, "आत सावलीत हाय न्हवं? मग ऊन उतरल्याबगर हलवू नगासा. मी पाचला घरी येतो."

आता पाचपर्यंत नुसतं बसायचं होतं. गुरुजी फेटे परत करायला गेले, तर गुंडू म्हणाला, "राहू द्या डोक्यावर, उरत्यातच!" तेवढ्यात दारात टेम्पो थांबला.

नवरीचे मामा बाळासो बिद्रीहून आले होते. उसाचे मोठे बागायतदार, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. बरोबर अकरा माणसं. स्वतः धरून बारा! वाटेत टेम्पोचं चाक बसल्यानं उशीर झाला होता आणि तो राग उतरवायला ते जागाच शोधत होते.

"गुंडू, फेटं बांध!" अमरसिंह ओरडले.

गुंडू गठ्ठ्यापाशी गेला. गठ्ठ्याचं नुसतं फडकं उरलं होतं. यंदा नवऱ्याकडच्या आजोबांपासून वाजंत्र्यांपर्यंत सगळ्यांनी फेटे बांधून घेतले होते! गुंडू हळूहळू मागं सरकला आणि आइस्क्रीमच्या पेटीमागं दिसेनासा झाला.

मामांची नजर मांडवावर फिरली. मग ती शिऱ्याच्या टेबलावर थांबली.

"दाजी," ते अमरसिंहांना म्हणाले. आवाज खाली आला होता, हे वाईट चिन्ह. "नवरीचा सख्खा मामा बोडका उभा हाय. आणि ही बारकी पोरं मानाचा फेटा घालून शिरा खात्यात. बारा माणसं आमची, बारा फेटं त्यांचं. हिशेब कळला मला. गाडी फिरीव रे!"

"अवो, असं काय करतासा! मामाशिवाय नवरी मांडवात येणार कशी?"

"चालत यील की!"

नवरीच्या आईनं डोळ्याला पदर लावला. गुरुजी पुढं आले आणि हात जोडले. "मामासाहेब, चूक माझी. लग्नघराची नाही. फेटे आत्ता सोडून देतो." त्यांनी भराभर एकेका पोराचा फेटा उतरवायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, अकरा. मग दीक्षापाशी आले आणि त्यांचे हात थांबले. पाच वाजता ही बाहेर निघेल तेव्हा डोक्यावर काय असणार? आणि इथं, एवढ्या लोकांसमोर?

"हा एक तेवढा राहू द्या," ते म्हणाले.

"अकरानं भागत न्हाय. बारा म्हंजे बारा."

"हा मिळणार नाही, मामासाहेब." चाळीस वर्षांत गुरुजींचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. खुद्द त्यांनीही नाही!

दीक्षा एकदा गुरुजींकडं, एकदा पदराआड रडणाऱ्या नवरीच्या आईकडं बघत होती. मग तिनं दोन्ही हातांनी स्वतःच डोक्यावरचा फेटा उचलला आणि मामांपुढं धरला. पांढरे केस खांद्यावर सांडले. सनई वाजवणाऱ्याचंसुद्धा बोट थबकलं. सगळा मांडव तिच्याकडं बघायला लागला. नेमकं जे तिला नको होतं, तेच!

मामा वाकले. "पोरी, केस असं कशानं गं?"

दीक्षानं एक मोठा श्वास घेतला. "माझ्या अंगात रंग तयार होत न्हाय. रंग म्हंजे ऊन अडवायची छत्री. तुमच्याकडं हाय, माझ्याकडं न्हाय. म्हणून फेटा, गॉगल आणि मलम." मग जरा थांबून म्हणाली, "पण मामा, तुमची बी छत्री टक्कल पडल्यावर उन्हात काय लई पुरत न्हाय. कानाला लावत जावा."

बिद्रीची अकरा माणसं श्वास रोखून उभी राहिली. मामांनी आपल्या टकलावरून हात फिरवला. चाळीस वर्षं फडात तापलेलं टक्कल ते. कुणी त्याची अशी चौकशी केली नव्हती.

"मग डोक्यावरचा काढून माझ्यासमोर का धरायलाईस?" ते गरजले. "घाल बघू आधी! आणि ती अकरा बी पोरास्नीच बांधा परत. पोरांचं डोस्कं उघडं टाकून मान घ्यायला मी काय कसाई हाय व्हय!"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण मामा जागचे हलेनात.

"मामा, चला आत," अमरसिंह म्हणाले.

"कसा चलू? गावात जाऊन काय सांगू? भाचीच्या लग्नात काहीच मान न्हाय झाला?" त्यांची नजर पोरांच्या तोंडावर गेली. "बाळ, ते नाकाला पांढरं लावलंय न्हवं, ते हाय का अजून?"

दीक्षानं ट्यूब दाखवली.

"लाव. बारा जणास्नी. फेटा न्हाय तर न्हाय, पर मान झाला पायजे!"

मग काय विचारता! मामा खुर्चीवर बसले. दीक्षानं त्यांच्या नाकावर एक जाड पट्टा ओढला, कानाच्या पाळ्या भरल्या, टकलावर सावकाश मलम पसरलं. फोटोवाल्यानं फोटो काढला. एकामागून एक बिद्रीकर येऊन नाक पुढं करत होते. बाजूला राजवीर मोठ्यानं सांगत होता, "मानेच्या मागं विसरायचं न्हाय, पावणं! दर दोन तासांनी परत लावायचं!" गुरुजी कौतुकानं नुसते बघत राहिले. आयुष्यात त्यांच्या धड्याला इतकी मोठी माणसं रांग लावून बसली नव्हती.

तेवढ्यात नवऱ्याच्या वडिलांनी मांडवातून हाक मारली. "अमरसिंह, तिकडच्या पावण्यांस्नी काय पांढरं लावायलाईसा? आमच्याकडच्यास्नी का न्हाय? आमची नाकं काय कापल्यात व्हय?"

"तसं नाही, ते उन्हासाठी..." गुरुजी सांगायला गेले.

"उन्हासाठी असू दे न्हाय तर पावसासाठी! त्यास्नी तर आम्हास्नी बी!"

चार नाकं झाली आणि ट्यूब संपली. नवऱ्याकडचे तीस जण अजून उभे होते. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. अमरसिंहांनी आचाऱ्याकडं बघितलं. आचाऱ्यानं पंगतीच्या पदार्थांकडं बघितलं. आणि आइस्क्रीमच्या पेटीमागून गुंडू बाहेर आला, तो थेट श्रीखंडाचं पातेलं घेऊन!

"अरे, श्रीखंडानं ऊन थांबत नाही!" गुरुजी ओरडले.

"ऊन कुणाला थांबवायचंय, गुरुजी?" अमरसिंह म्हणाले. "लगीन थांबलंय!"

बारा पस्तीसला मंगलाष्टकं सुरू झाली. नवरीला मामांनी दिमाखात आणलं. एका बाजूला मलमाची नाकं, दुसऱ्या बाजूला श्रीखंडाची. "शुभमंगल" म्हटल्याबरोबर मांडवातल्या सगळ्या माश्या नवऱ्याकडं गेल्या! नवऱ्याच्या वडिलांनी मान राखायचा म्हणून एकही माशी हाकलली नाही. नवऱ्यानं मात्र हार घालायच्या आधी जिभेनं नाकाचा शेंडा गाठायचा दोनदा प्रयत्न केला, आणि ते चित्रफितीत कायमचं राहिलं.

जेवणं झाली. दुपारभर पोरं पंख्याखाली लोळली. पावणेपाचला दीक्षानं पोर्चच्या कडेला पाय ठेवून बघितलं. "गुरुजी, सावली माझ्यापेक्षा लांब झाली!" मग बारा फेटे, बारा गॉगल घराकडं निघाले. फेटे मामांच्या हुकमावरून पोरांनाच दिले होते.

क्रांती दारातच उभी होती. तिनं लेकीला उजेडाकडं पाठ करून उभं केलं. मान बघितली. कान, मनगटं, पावलं, एकेक पापणी बघितली. गुरुजी परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे हात मागं बांधून उभे होते.

"कुठंच लाल न्हाय," ती म्हणाली, आणि तिनं लेकीला जवळ ओढलं.

गुरुजींनी मागं बांधलेले हात सोडले. घरी आले, निवांत जेवले आणि लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी पोरांना सुट्टी दिली होती. तरी सकाळी सहाला फाटक वाजलं. गुरुजी डोळे चोळत बाहेर आले. फाटकाबाहेर दीक्षा उभी होती, एकटी. लांब बाह्यांचा सदरा, सोनेरी गॉगल, कानाच्या पाळ्यांपर्यंत मलम, फेटा जमेल तसा स्वतःच गुंडाळलेला. जी पोरगी पडवीतून हलत नव्हती, ती न बोलावता, सगळ्यांच्या आधी आली होती!

गुरुजींनी फाटक उघडलं. शिक्षकाला आयुष्यात आणखी काय हवं असतं? "ये, बाळ, ये," ते म्हणाले. "खंड्या बघायला जाऊया का?"

"न्हाय गुरुजी," दीक्षा म्हणाली. "आज कुणाचं लगीन हाय?"

गुरुजींनी तिचा सुटलेला फेटा नीट खोचला. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि, विठाबाई उठलेल्या नाहीत ना ते बघून, गुंडूला फोन लावला.